खवल्यांची साक्ष

मे महिन्यातली दुपार होती. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन मी बसलो होतो. 'संतवाङ्मयातील सामाजिक आशय' या प्रश्नाचे तेच ते उत्तर एक्केचाळिसाव्यांदा वाचत असताना आतल्या खोलीतून आरोळी आली,

"बाबा! माझा बॅरिओनिक्स उपाशी आहे!"

आमच्या घरात कुत्रा नाही, मांजर नाही. एक पोपट होता, तोही शेजाऱ्यांचा, आणि तो केव्हाच उडून गेला. तेव्हा हे उपाशी प्रकरण कोण, हे पाहायला मी लाल पेन कानाला लावून आत गेलो. आमचे कन्यारत्न संगणकासमोर बसले होते. पडद्यावर एक हिरवेगार बेट, त्यात कुंपणे घातलेली, आणि एका कुंपणाशी सुसरीच्या तोंडाचा, दोन पायांवर चालणारा एक अगडबंब प्राणी येरझारा घालीत होता. माझ्या देखत त्याने कुंपणाला धडक दिली. तिसऱ्या धडकेला कुंपण पडले. मग जे झाले ते विचारू नका! प्रेक्षक सैरावैरा पळाले, जीपगाड्या धावल्या, हेलिकॉप्टरातून गुंगीचे औषध मारले गेले आणि बागेचा धंदा बसला.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी या वयाची मुले आहेत त्यांना हा खेळ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. 'ज्युरासिक वर्ल्ड इव्होल्यूशन २' असे त्याचे नाव. इंग्लंडातल्या केंब्रिज येथील फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने तो २०२१ च्या नोव्हेंबरात बाजारात आणला. खेळणाराने डायनोसॉरांचे उद्यान चालवायचे. शास्त्रज्ञ नेमायचे, त्यांना जीवाश्म शोधायला धाडायचे, जीवाश्मांतून प्राण्याचे बीज सिद्ध करायचे, अंडी उबवायची, आणि जन्मलेल्या प्राण्याचा संसार मांडून द्यायचा. कोणाला झाडी हवी, कोणाला मोकळे रान, कोणाला पाणी, कोणाला सोबत. ज्याला जे हवे ते मिळाले नाही, की त्याचे समाधान घसरते, डोके फिरते आणि कुंपणावर संकट येते. थोडक्यात, सासरमाहेरचे पाहुणे एकाच वेळी घरी उतरल्यावर आमच्या सौ.ना जे करावे लागते, तेच.

"पण तू तर त्याला बकरी सोडली होतीस," मी पडद्याकडे पाहून म्हटले.

"तीच चूक झाली," कन्या कपाळाला हात लावून म्हणाली. "तो मासे खातो. मी माशांची सोयच केली नाही."

माझी आई दारात उभी राहून हा प्रकार पाहत होती. ती अलिबागकडची. तिचा चेहरा एकदम उजळला. "मासे खातो? मग तो आपल्यातलाच गं! त्याला बकरी कशाला घातलीस?"

आता खरे सांगायचे तर माझ्या मनात त्या दुपारी निराळेच होते. जूनमध्ये कन्येचे दहावीचे वर्ष सुरू व्हायचे होते. सहामाहीचे गुण समाधानकारक नव्हते. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा असे. संगणक गुंडाळून माळ्यावर टाकावा, असा माझा निश्चय झाला होता आणि मी फक्त निमित्ताची वाट पाहत होतो. ते आयते चालून आले. मी विचारले,

"तो मासे खात होता हे कशावरून?"

"खेळात लिहिलंय."

"खेळात लिहिलं आहे हा पुरावा नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराच्या पानात काय वाढलं होतं, हे आज कोणाला कसं कळणार? पुरावा आण. नाही आणलास तर हे यंत्र माळ्यावर जाईल."

वर्गात हा प्रश्न मी वीस वर्षे विचारीत आलो आहे. "कशावरून?" म्हटले की पोरांच्या माना खाली जातात. कन्येची मात्र गेली नाही. तिने आठ दिवसांची मुदत मागितली. आई साक्षीदार राहिली.

आठव्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर कन्या एक वही घेऊन बैठकीच्या खोलीत आली. तिने जे सांगितले ते पुढे मी स्वतः ग्रंथ चाळून आणि आमच्या प्राणिशास्त्र विभागातील सहकाऱ्यांना विचारून पडताळून पाहिले आहे. म्हणून ते वाचकांपुढे ठेवायला हरकत नाही.

गोष्ट आहे इंग्लंडातली, लंडनच्या दक्षिणेस असलेल्या सरे परगण्यातली. तेथे ऑक्ली गावाजवळ स्मोकजॅक्स नावाची मातीची खाण आहे. विटांसाठी तेथून चिकणमाती काढीत. विल्यम वॉकर नावाचे एक गृहस्थ तेथे जात. हे कोणी प्राध्यापक नव्हेत, व्यवसायाने प्लंबर. जीवाश्म गोळा करण्याचा त्यांना छंद. १९८३ च्या जानेवारीत त्यांना त्या मातीत दगडाचा एक गोळा दिसला. तो फोडल्यावर आत एका प्रचंड नखीचे तुकडे निघाले. घरी आणून त्यांनी तुकडे जुळवले, तर टोकच नाही. आपण असतो तर म्हणालो असतो, जाऊ दे. वॉकर काही आठवड्यांनी पुन्हा खाणीत गेले आणि तो टोकाचा तुकडा शोधून घेऊन आले. नखी पुरी झाली. बाकावरून मोजली तर ३१ सेंटिमीटर! शाळेतल्या मुलांच्या फूटपट्टीपेक्षा लांब.

ती नखी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेली. तेथे अ‍ॅलन चॅरिग आणि अँजेला मिल्नर या दोन जीवाश्मशास्त्रज्ञांनी ती पाहिली आणि हे काहीतरी नवे आहे हे ओळखले. त्याच वर्षी मे-जूनमध्ये म्युझियमची मंडळी खाणीत उतरली. सुमारे दोन टन दगड बाहेर निघाला, पण तो इतका कठीण की आतली हाडे मोकळी करायला वर्षे लागली. सांगाडा संपूर्ण नव्हता. पण निम्म्याहून बराच अधिक हाती आला. मांसाहारी डायनोसॉराचा इतका भरलेला सांगाडा ब्रिटनमध्ये सापडणे ही अपूर्वाईच होती. १९८६ साली चॅरिग आणि मिल्नर यांनी त्याचे नामकरण केले, 'बॅरिओनिक्स वॉकरी'. ग्रीक भाषेत 'बॅरिस' म्हणजे जड आणि 'ओनिक्स' म्हणजे नखी. वॉकरी हा अर्थातच त्या प्लंबरचा मान.

"म्हणजे नळ दुरुस्त करणाऱ्याचं नाव शास्त्रात लागलं?" आईने विचारले.

"हो आजी. कायमचं."

"बरं झालं. आपल्याकडे तो वेळेवर येईल तर!"

आता मूळ प्रश्न. तो मासे खात होता हे कशावरून?

पहिली साक्ष जबड्याची. बहुतेक मांसाहारी डायनोसॉरांचे तोंड उंच आणि भरभक्कम असते. बॅरिओनिक्सचे लांबट, चिंचोळे आणि टोकाशी थोडे फुगलेले. खालच्या जबड्याच्या एकेका बाजूला ३२ दात, म्हणजे त्याच्या इतर मांसाहारी भाईबंदांच्या जवळजवळ दुप्पट. ते दातही सुऱ्यांसारखे चपटे नसून शंकूसारखे. मांस कापायला ते बेताचेच, पण बुळबुळीत वस्तू घट्ट धरून ठेवायला उत्तम. नाकपुड्या तोंडाच्या टोकाशी नाहीत, मागे सरकलेल्या. असे तोंड आजही जगात आहे आणि ते आपल्याच देशात आहे. चंबळेच्या काठी वाळूवर ऊन खात पडलेली लांब तोंडाची सुसर, जिला हिंदीत घडियाल म्हणतात, तिचे तोंड पाहावे. तिची गुजराण मुख्यतः माशांवरच होते.

दुसरी साक्ष नखीची. बॅरिओनिक्सचे पुढचे पाय दणकट होते आणि ही भली मोठी नखी पुढच्या पायाची. नदीकाठी बसून अस्वल जसा पंजाने मासा उडवते, तसा हा गळासारख्या नखीने मासा ओढीत असावा, असे चॅरिग आणि मिल्नर यांनी सुचवले.

"हा तर्क झाला," मी म्हटले. "तोंड सुसरीसारखं आहे म्हणून पोटात मासा होता असं ठरत नाही. माझं कपाळ मोठं आहे म्हणून मी मोठा विद्वान ठरतो का?"

सौ. स्वयंपाकघरातून "नाही" म्हणाल्या.

कन्येने वहीचे पान उलटले. "तिसरी साक्ष पोटाची. त्याच्या फासळ्यांच्या आत, जिथे पोट असतं तिथे, माशांचे खवले सापडले. दातही सापडले. आणि ते पोटातल्या आम्लाने झिजलेले होते."

हे खवले त्या काळच्या एका मोठ्या माशाचे. पूर्वी त्याला लेपिडोटस म्हणत, हल्ली शीनस्टिया म्हणतात. त्याचे खवले आजच्या बहुतेक माशांसारखे पातळ नव्हेत. जाड, चौकटीच्या आकाराचे आणि वरून दातावर असतो तसा चकचकीत, टणक थर असलेले. म्हणून तर सुमारे १२.५ कोटी वर्षे ते टिकले.

मी काही बोलण्याआधी आईच बोलली. "मग झालं तर! खवले कधी लपत नाहीत. तुझे आजोबा बाहेरून जेवून यायचे आणि काही खाल्लं नाही म्हणायचे. पण जिताड्याचा खवला सदऱ्याच्या बाहीला चिकटलेला असायचाच. आपण विळीवर मासा साफ करतो, दहादा पाणी ओततो, तरी संध्याकाळी एखादा खवला मोरीच्या कोपऱ्यात चमकतो. त्या जनावराच्या पोटातच मिळाले, आता आणखी काय पुरावा हवा तुला?"

न्यायाधीशाच्या आईनेच निकाल दिल्यावर न्यायाधीशाने काय करावे? मी संगणकाला अभय देण्याच्या बेतात होतो. एवढ्यात कन्या म्हणाली,

"पण बाबा, अजून एक आहे."

ती जराशी घुटमळली. मग तिने वाचले. त्याच सांगाड्याजवळ, माशांच्या खवल्यांबरोबर, एका लहान इग्वानोडॉनाची हाडेही सापडली होती. इग्वानोडॉन म्हणजे झाडपाला खाणारा डायनोसॉर. याचे ते पिल्लू.

"म्हणजे तो नुसता मासे खाणारा नव्हता," ती म्हणाली. "खेळात त्याला मत्स्यभक्षक म्हटलंय ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. त्याने ते पिल्लू मारलं की आधीच मेलेलं खाल्लं, ते सांगता येत नाही. पण खाल्लं असणार. मी बकरी घातली ती अगदीच चूक नव्हती. फक्त मासे घातले नाहीत ही चूक."

मी गप्प बसलो. वाचकांना यात विशेष काय असे वाटेल. पण मला विचारा! बाजू मांडताना स्वतःच्या विरुद्ध जाणारा पुरावा आपण होऊन पुढे ठेवणारा विद्यार्थी मला वर्षाकाठी एखादाच भेटतो. एकदा 'या कवीवर अमुक संप्रदायाचा प्रभाव आहे' असे लिहिले, की विरुद्ध जाणारी रचना कोणी उद्धृत करीत नाही. सगळे आपापले खवले तेवढे मांडतात आणि पिल्लाची हाडे पायाने सतरंजीखाली सारतात. आणि येथे ही पोर, जिंकलेला खटला हातात असताना, आपल्या हाताने ती हाडे टेबलावर ठेवत होती.

मग मला दुसरेही आठवले. मी तिच्याविरुद्ध जो खटला उभा केला होता त्यात तरी काय होते? सहामाहीचे गुण आणि रात्रीचा दिवा. एवढ्या दोन खवल्यांवरून मी तिला 'खेळवेडी' अशी चिठ्ठी लावून मोकळा झालो होतो. त्या दिव्याखाली ती काय वाचते हे मी एकदाही जाऊन पाहिले नव्हते. 'कशावरून?' हा प्रश्न मी साऱ्या जगाला विचारला होता, स्वतःला तेवढा नाही.

त्या रात्री मीही तिच्याबरोबर वाचीत बसलो. बॅरिओनिक्सचा वाद अजून मिटलेला नाही हे त्यातून कळले आणि मजा वाटली. त्याचे नाव ठेवल्यावर दुसऱ्याच वर्षी एका शास्त्रज्ञाने शंका काढली होती, की हा शिकारी नसून मेलेल्या जनावरांवर जगणारा असेल. मग त्याची भावंडे सापडत गेली. आफ्रिकेतल्या नायजर देशातील वाळवंटातून निघालेल्या सुकोमायमसचे नामकरण १९९८ साली झाले. ब्राझीलमध्ये याच कुळातल्या एका प्राण्याचा दात एका उडणाऱ्या सरीसृपाच्या मानेच्या मणक्यात रुतलेला सापडला. ती हकिकत २००४ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे या घराण्याला पाण्यातले चाले आणि आकाशातले मिळाले तर तेही चाले! २०२२ साली काही संशोधकांनी हाडांची घनता मोजून दाखवले, की बॅरिओनिक्सची हाडे पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांसारखी भरीव आहेत, सुकोमायमसची मात्र तशी नाहीत. २०२४ साली दुसऱ्या अभ्यासकांनी त्या हिशेबाच्या पद्धतीवरच बोट ठेवले. तो पाण्यात शिरून मासे धरी की काठावर उभा राहून, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. पण खवले कोणीच नाकारीत नाही.

खेळाला एक गोष्ट मात्र माफ करावी लागते. जीवाश्मातून प्राण्याचे बीज काढून अंडे उबवणे हे काही खरे नव्हे. आजवर मिळालेले सर्वांत जुने आनुवंशिक द्रव्य ग्रीनलंडच्या उत्तर टोकाच्या मातीतले. त्याचे वय सुमारे २० लाख वर्षे. २० लाख कुठे आणि १२.५ कोटी कुठे! बॅरिओनिक्स पुन्हा जन्माला येण्याची शक्यता नाही, ही अलिबागच्या कोळी बांधवांना दिलासा देणारी बातमी आहे. पण प्रत्येक प्राण्याची भूक निराळी असते आणि ती जाणून घेतल्याशिवाय त्याला सांभाळता येत नाही, हे खेळाने बरोबर धरले आहे. नुसते कुंपण उंच करून भागत नाही. हे मी मे महिन्यात त्या पडद्यावर पाहिले होते. पाहूनही मी माझ्या घरात कुंपणच उंच करायला निघालो होतो.

आणखी एक गोष्ट कन्येने मला दुसऱ्या दिवशी सांगितली. अँजेला मिल्नर यांचे २०२१ च्या ऑगस्टमध्ये निधन झाले. त्याच्या पुढच्याच महिन्यात इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर सापडलेल्या, बॅरिओनिक्सच्याच कुळातल्या एका नव्या डायनोसॉराचे नाव जाहीर झाले. नाव ठेवले होते 'रिपारोव्हेनेटर मिल्नरी'. पहिल्याचा अर्थ नदीकाठचा शिकारी. दुसरा मान मिल्नरबाईंचा. एका प्लंबरच्या नावाशेजारी एका विदुषीचे नाव आता त्या घराण्यात कायम झाले आहे. हे सांगताना कन्येचा आवाज थोडा बदलला होता. दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची, याबद्दल आमच्या घरात जी चर्चा व्हायची होती, ती मला वाटते त्याच वेळी होऊन गेली.

यंत्र माळ्यावर गेले नाही. रात्री साडेनऊनंतर मात्र ते बंद होते, हा करार दोन्ही पक्षांनी मान्य केला आहे, आणि दिवा कशासाठी जळतो आहे हे मी अधूनमधून आत जाऊन पाहतो.

परवा दसऱ्याच्या संध्याकाळी आईने चष्मा पुसून बॅरिओनिक्सची नवी जागा पाहिली. कन्येने मोठे तळे केले होते, काठाला झाडी होती आणि माशांची सोय जागच्या जागी होती. तो प्राणी पाण्यात उभा होता. समाधानाच्या रेघेत कुठे खोट दिसत नव्हती.

"छान खातोय," आई म्हणाली. मग तिचे लक्ष पलीकडच्या रानात चरणाऱ्या इग्वानोडॉनांच्या कळपाकडे गेले. "आणि या दोघांच्या मध्ये दोन-दोन कुंपणं कशाला गं? मासे मिळतायत की त्याला पोटभर."

"मिळतायत आजी," कन्या तिसरे कुंपण घालीत म्हणाली. "पण हाडं सापडली होती ना!"